एकटीचा प्रवास : तिची तयारी आणि गावाची साथ

(शिक्षक, पंचायत सदस्य व महिला मंडळे यांच्या संयुक्त तालुका मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी माझ्याकडे सोपविलेला विषय 'स्त्रियांचा एकटीने प्रवास आणि सुरक्षितता' असा आहे. हा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाठीवर मोठी पिशवी घेऊन किनाऱ्याकडे निघालेली एखादी परदेशी तरुणी उभी राहते. तिचा विचार आपण पुढे करूच. पण प्रथम आपल्या गावाकडे पाहू. पहाटे काळोखात मासळीची पाटी घेऊन पहिली बस गाठणारी बाई एकटीच असते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला भाजी, फुले, मिरच्या घेऊन येणारी शेतकरीण पुष्कळदा एकटीच येते. रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका, सत्तरी वा काणकोणातील आडगावच्या शाळेत नेमणूक झालेली शिक्षिका, दोन बसगाड्या बदलून पणजीच्या महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी, या सर्व एकट्या प्रवासिनीच होत. त्या प्रवासाला निघतात असे आपण म्हणत नाही, 'कामाला जातात' असे म्हणतो, एवढाच फरक.

मराठीत 'सोबत' हा शब्द मोठा गोड आहे. पूर्वी घरातील स्त्री परगावी निघाली की तिच्याबरोबर कोणीतरी 'सोबतीला' दिले जाई, आणि पुष्कळ घरांत ही सोबत म्हणजे दहा-बारा वर्षांचा भाऊ किंवा पुतण्या असे. चाळीस वर्षांच्या जाणत्या बाईला त्या पोराची सोबत! वाटेत त्याला तहान लागे, झोप येई, गाडी लागे. आणि सांभाळण्याचे काम तिलाच करावे लागे. तरीही गावाचे समाधान होई. सोबत हवी यात गैर काहीच नाही. मात्र ती सोबत माणसाचीच असावी लागते असे नाही. माहितीची, वेळापत्रकाची, उजेडाची आणि घरच्यांच्या विश्वासाचीही सोबत असते, आणि आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या सोबतीविषयी.

या संदर्भात आनंदीबाई जोशी यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. पती गोपाळराव मागे राहिले. बोटीवर ओळखीच्या काही मिशनरी स्त्रिया होत्या, पण घरचे माणूस कोणी नव्हते. त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. आनंदीबाईंच्या धैर्याचे आपण नेहमीच गुणगान करतो, परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. निघण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर सभेत भाषण केले आणि लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात त्यांना एकेक करून उत्तरे दिली. 'मी एकटी का जात आहे' हा त्यांतील एक प्रश्न होता. म्हणजे हा प्रवास त्यांनी लपवून केला नाही. कोठे, कशासाठी, किती काळ, हे सर्वांना ठाऊक होते, आणि माझ्या मते त्यांच्या सुरक्षिततेचा तो पहिला आधार होता.

भगिनींनो, एकटीच्या प्रवासातील सर्वांत धोक्याचा प्रवास कोणता, असे मला कोणी विचारले, तर रात्रीचा किंवा लांबचा असे मी म्हणणार नाही. जो प्रवास घरी लपवावा लागतो, तो सर्वांत धोक्याचा. असे समजा की एका विद्यार्थिनीची सायंकाळची बस चुकली. घरी दूरध्वनी केला तर वडील न्यायला येतील; पण 'उद्यापासून महाविद्यालय बंद' हेही त्याच दमात ऐकावे लागेल, अशी तिला भीती आहे. म्हणून ती दूरध्वनी करीत नाही. अर्धा तास तिठ्यावर उभी राहते आणि अखेर अनोळखी गाडीला हात करते. या मुलीला संकटात कोणी लोटले? बस वेळेवर न आल्याने काही अंशी. पण त्याहून अधिक त्या भीतीने. अडचण आल्यावर मुलगी सर्वांत आधी आपल्याला कळवील, असे ज्या घरातील वातावरण आहे, ते घर तिच्याबरोबर निम्मी वाट चाललेले असते. शिक्षक बंधुभगिनींना माझी मुद्दाम विनंती आहे की पालकसभेत गुणपत्रकाइतकाच हा विषय काढावा. वर्गातील एखादी हुशार मुलगी अकरावीनंतर दिसेनाशी होते, तेव्हा 'घरची परिस्थिती' असे आपण नोंदवून मोकळे होतो. त्या परिस्थितीत शेवटच्या बसची वेळ किती आणि दारिद्र्य किती, याची चौकशी सहसा होत नाही.

सूचनापत्रकांत नेहमी आढळणारे एक वाक्य आहे : 'स्त्रियांनी शक्यतो एकट्याने प्रवास टाळावा.' प्रसिद्धीच्या कामात इतकी वर्षे घालविल्यावर मला ते निरुपयोगी वाटू लागले आहे. मासळीवालीने टाळावा काय? परिचारिकेने टाळावा काय? १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत बसमध्ये जे अमानुष कृत्य घडले, त्या वेळी त्या मुलीबरोबर तिचा मित्र होता. म्हणजे पुरुषाची सोबत हीसुद्धा हमी नव्हे. टाळण्याचा उपदेश करण्यापेक्षा प्रवास कसा करावा हे सांगणे अधिक उपयोगाचे.

आपला प्रदेश उष्ण कटिबंधातील आहे. कर्कवृत्त मध्य प्रदेशातून जाते. त्यामुळे गोवा, बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर ही सर्व ठिकाणे त्याच्या दक्षिणेला म्हणजे उष्ण कटिबंधात येतात, ग्वाल्हेर तेवढे उत्तरेला राहते. भूगोलाच्या पुस्तकातील ही बाब प्रवासाशी जवळून निगडित आहे. आपल्याकडे संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. म्हणजे जी बस जूनमध्ये उजेडी गावात पोहोचविते, तीच बस डिसेंबरमध्ये काळोखात उतरविते. शाळा-महाविद्यालयांचे जादा वर्ग नेमके हिवाळ्यात भरतात! वेळापत्रक ठरविणाऱ्यांनी आणि जादा वर्ग घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तरेकडील देशांतून आलेल्या पाहुण्यांना लांबलेल्या संध्याकाळची सवय असते. त्या निर्जन किनाऱ्यावर सूर्यास्त पाहत बसतात आणि परतीची वाट दिसेनाशी होते. विजेरी सोबत बाळगावी ही सूचना साधी आहे, पण आपल्याकडे तिला दुहेरी अर्थ आहे : पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पायवाटेवर नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही आडवे येऊ शकते. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, चोखू नये. हालचाल कमी ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे.

आता उष्म्याविषयी. किनारपट्टीवर पारा इंदूर-हैदराबादसारखा चाळिशीपलीकडे सहसा जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण येथील हवा दमट. दमट हवेत घाम येतो, तो वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. म्हणून भरलेल्या बसमध्ये उभ्याने दीड तास प्रवास करणाऱ्या बाईला चक्कर येते, ती 'नाजूकपणा'मुळे नव्हे. यावर उपाय पाणी पिणे हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रवासाला निघालेल्या स्त्रिया पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, हे या व्यासपीठावरून सहसा बोलले जात नाही, म्हणून मी बोलते. वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून त्या पाणी पीत नाहीत.

माझी नोकरी फिरतीची आहे. चित्रफिती, पत्रके, प्रदर्शनाचे साहित्य घेऊन गावोगाव जावे लागते. कोणत्या बसस्थानकावरील स्वच्छतागृहाला कडी आहे, कोठे पाणी आहे, कोठे दाराशी कुलूप आणि किल्ली 'साहेबांकडे' आहे, याचा नकाशा फिरतीवरील प्रत्येक बाईच्या मनात पक्का असतो. एका सरकारी इमारतीत स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जुने टेबल-खुर्च्या आणि निवडणुकीच्या पेट्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. पुरुष अधिकाऱ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते, कारण त्यांची अडचण कोणत्याही झाडाआड भागते. परंतु सकाळी सातला निघालेली शिक्षिका दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, असे वर्षानुवर्षे चालले की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, उन्हाळी लागणे, डोकेदुखी हे नित्याचेच होते. मासिक पाळीच्या दिवसांत तर त्या घरीच राहणे पसंत करतात. याला आपण 'रजा' म्हणतो. स्त्रियांची सुरक्षितता म्हटले की आपल्याला शिपाई आणि शिट्टी आठवते. कडी असलेले दार, आत पाण्याचा नळ आणि एक दिवा हीसुद्धा सुरक्षिततेचीच साधने आहेत, आणि त्यांची गरज रोज लागते.

पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा पेज, कोकमाचे सरबत, ताक किंवा शहाळे बरे. जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनीची पुडी घ्यावी; ती नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे प्यावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. उन्हाने एखादीचे अंग तापून ती असंबद्ध बोलू लागली, तर तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा व तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये.

पावसाळ्याविषयी थोडक्यात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात; चोर्ला घाटातून बेळगावकडे अथवा अनमोडमार्गे पलीकडे जाणाऱ्यांनी दिवसाचीच गाडी धरावी आणि निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. साचलेल्या पाण्यातून उघड्या जखमेने चालल्यास लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊ शकते. ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे. समुद्रात या दिवसांत उतरूच नये. एरवीही लाल बावटा असलेल्या जागी पोहायला मनाई असते, आणि लाल-पिवळ्या बावट्यांमधील पट्ट्यातच पोहावे, हे पाहुण्यांना सांगण्याचे काम किनाऱ्यावरील जीवरक्षकांइतकेच तेथील दुकानदारांचेही आहे.

रेल्वेकडे वळू. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग प्रवाशांना खुला झाला आणि आपल्या स्त्रियांचे जग एकदम मोठे झाले. तथापि या मार्गावरील कित्येक स्थानके वस्तीपासून दूर, शेताभाटांत आहेत. थिवीला उतरून म्हापशाला जायचे तर अजून रस्ता काटावा लागतो. म्हणून तिकीट काढताना गाडी सुटण्याच्या वेळेइतकीच पोहोचण्याची वेळ पाहावी. भाड्यात थोडा फरक पडला तरी उजेडी पोहोचणारी गाडी घ्यावी. आणि रात्री उतरणे भागच असेल तर शक्यतो मडगावसारख्या मोठ्या स्थानकावर उतरून प्रतीक्षालयात पहाट होईपर्यंत थांबावे. त्यात कमीपणा नाही. रेल्वे सुरक्षा दलाने २०२० मध्ये 'मेरी सहेली' हा उपक्रम सुरू केला. त्यात एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांची गाडी सुटण्याच्या स्थानकावर विचारपूस केली जाते व पुढील स्थानकांना कळविले जाते. गाडीत त्रास झाल्यास १३९ हा क्रमांक फिरवावा.

रेल्वेच्या कायद्यातील एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३९ नुसार, तिकीट नसले तरी पुरुषाची सोबत नसलेल्या स्त्रीला वाटेतल्या कोणत्याही स्थानकावर उतरविता येत नाही. ती जेथे गाडीत बसली ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचे स्थानक येथेच, आणि तेही दिवसा, तिला उतरविता येते. कलमाचा आणि साहाय्य क्रमांकाचा आकडा एकच आहे हा योगायोग. लक्षात ठेवायला मात्र सोपा. विनातिकीट प्रवास करावा असे मी सुचवीत नाही, हे उपस्थित रेल्वे कर्मचाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पण गर्दीत पैशाची पिशवी गेलेल्या बाईला हा नियम ठाऊक असला, तर आडस्थानकावर मध्यरात्री उतरण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.

बसप्रवासाला शेजारच्या राज्यांनी अलीकडे मोठे उत्तेजन दिले आहे. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास सुरू केला. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून 'महालक्ष्मी' योजना आली. बेळगावकडील भगिनींना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचे तरी घरात पैसे मागावे लागत, ते मागणे संपले. पैसे मागताना परवानगीही मागावी लागते, हे आपण जाणतोच. गर्दी वाढली अशी तक्रार होते, ती खरीही आहे. पण गाड्या वाढविणे हा तिच्यावरील उपाय आहे.

गोव्यात बसस्थानकापासून पुढे जायला 'पायलट' असतो. पिवळे मडगार्ड आणि व्यावसायिक वाहनाची पिवळी नंबरपट्टी पाहूनच मागे बसावे, भाडे आधी ठरवावे आणि गाडीचा क्रमांक घरी कळवावा. तो पायलटच्या देखत, मोठ्याने वाचून कळवावा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. गावातील पायलट हे आपल्या वाटा, वळणे, माणसे ओळखणारे लोक आहेत, आणि रात्री उशिरा उतरलेल्या बाईला घरापर्यंत पोहोचवून 'भाडे उद्या द्या' म्हणणारेही त्यांच्यातच आहेत.

संकटसमयी ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत या सर्वांसाठी चालतो. १८१ हा स्त्रियांसाठीचा साहाय्य क्रमांक आहे. साध्या भ्रमणध्वनीत ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनमध्ये चालू-बंदची कळ तीनदा दाबल्यास ११२ ला संदेश जावा, असा नियम आहे. आपल्या संचात ही सोय कशी चालते ते संकटापूर्वी, घरी बसून समजून घ्यावे. तक्रारीबाबत आणखी दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली, तरी गंभीर गुन्ह्याची तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर आता चालणार नाही. तसेच केवळ साक्षीच्या चौकशीसाठी स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलाविता येत नाही. ती राहते तेथेच जावे लागते.

आता पाहुण्यांविषयी. परदेशातून किंवा परप्रांतातून एकटी आलेली स्त्री गावात दिसली की आपण तिच्याकडे पाहतो, यात नवल नाही. नवे माणूस दिसल्यावर पाहणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण टक लावून पाहणे, न विचारता छायाचित्र काढणे, 'लग्न झाले का, नवरा कुठे' असे विचारणे याचा तिला उपद्रव होतो. 'एकटीच?' हा आपला आवडता प्रश्न. तोच प्रश्न मासळीवालीलाही विचारला जातो, शिक्षिकेलाही, त्या परदेशी मुलीलाही. त्यात दोष देण्याचा सूर असला की उत्तर खोटे मिळते : 'नाही, नवरा मागून येतोय.' मग ती खरोखर अडचणीत आली तर ती कोठे होती, कोणाबरोबर होती, याचा गावाला पत्ता लागत नाही. त्याऐवजी 'कुठे जायचंय? शेवटची बस अमुक वाजता आहे हां' एवढे म्हटले तरी पुरे. आणि हे म्हणण्याचे काम बायकांनी, दुकानावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी केले तर अधिक बरे. तरुण मुलांनी केले तर चांगल्या हेतूनेसुद्धा ती बिचकण्याचा संभव असतो.

एका कामाची सूचना करून मी आटोपते घेते. गावातील प्रत्येक बसथांब्यावर पंचायतीने एक फलक रंगवावा. त्यावर पहिल्या आणि शेवटच्या बसची वेळ, ११२, १८१ आणि १०८ हे क्रमांक, पोलीस ठाण्याचा दूरध्वनी, आणि थांब्याजवळ उशिरापर्यंत उघडे असणारे दुकान किंवा घर यांचा उल्लेख असावा. हे दुकान अथवा घर कोणाचे असावे ते महिला मंडळाने ठरवावे, पंचायतीने नव्हे; कोणत्या दारात उभे राहायला निर्धास्त वाटते हे बायकांना अधिक ठाऊक असते. थांब्यावरचा दिवा बंद असेल तर त्याची तक्रार पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, तोंडी सांगू नये. थांब्यापासून वाड्यापर्यंतचा रस्ता सायंकाळी सातला शिक्षकांनी व पंचांनी एकदा पायी चालून पाहावा. शाळेतील मुलींना रंगकाम देता येईल, पण वेळा मात्र त्यांनी स्वतः स्थानकावर जाऊन विचारून लिहाव्यात, आणि हिवाळी वेळापत्रक लागले की बदलाव्यात.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास आहे. खालच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची बस साडेसहाला सुटते, असे मी येताना विचारून आले आहे. ज्या भगिनींना ती गाठायची आहे त्यांनी आपले प्रश्न आधी विचारावेत.